झेंडा कोणी उतरवायचा?

पेन ड्राइव्ह काढण्याआधी ‘इजेक्ट’ करायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि जवळजवळ कोणीच ते करत नाही. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. पण कधीतरी तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावला की विंडोज म्हणतं, या ड्राइव्हमध्ये गडबड असू शकते, तपासून बघू का? कॉम्प्युटरला हे कळतं कसं? त्या ड्राइव्हवरच एका कोपऱ्यात एक बिट असतो, म्हणजे शून्य किंवा एक एवढंच मावेल अशी जागा. लिखाण सुरू झालं की तिथे ‘काम अर्धवट आहे’ अशी खूण केली जाते. सगळं लिहून झालं आणि ड्राइव्हने रीतसर निरोप घेतला की ती पुसली जाते. तुम्ही मधेच उपटून काढलात तर पुसायला कोणी उरत नाही. खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी वाचणाऱ्याला सांगते की मागे इथे काहीतरी अर्ध्यात सुटलं होतं.

अशा खुणेला आमच्या धंद्यात फ्लॅग म्हणतात. झेंडा. वर असला तर ‘हो’, खाली असला तर ‘नाही’.

मी पुण्यात स्टोरेज ड्रायव्हरवर काम करते. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामधला दुभाषा. सिस्टिम म्हणते ‘ही फाइल ठेव’, दुभाषा ते डिस्कला समजेल अशा भाषेत सांगतो आणि डिस्कचं उत्तर परत आणतो. गेली काही वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग नवीन लिहिण्यात जात नाही, जुने झेंडे उतरवण्यात जातो. ते करता करता एक प्रश्न मला चिकटला, आणि तो फक्त कॉम्प्युटरचा नाही. एखाद्या गोष्टीबद्दल खरं काय, हे त्या गोष्टीला विचारायचं की तिच्याबद्दलच्या नोंदीला? आणि दोघांचं पटेनासं झालं तर कोणाचं ऐकायचं?

आधी हे झेंडे येतात कुठून ते सांगते.

समजा, ड्राइव्ह जोडलेला आहे का, यासाठी एक फ्लॅग आहे. तो चालू आहे का, यासाठी दुसरा. तो काढून टाकण्याचं काम सुरू झालंय का, यासाठी तिसरा. प्रत्येक फ्लॅग वर किंवा खाली असू शकतो, म्हणजे तिघांचे मिळून आठ प्रकार झाले. खऱ्या जगात त्यातले तीन-चारच संभवतात. ‘जोडलेला नाही, पण चालू आहे’ हे कोणत्या ड्राइव्हचं वर्णन आहे? असा ड्राइव्ह जगात नाही. पण कॉम्प्युटरच्या मेमरीत तो असू शकतो. फ्लॅग पाच झाले की प्रकार ३२ होतात, दहा झाले की १०२४. प्रत्येक नव्या फ्लॅगबरोबर अशक्य गोष्टींची यादी दुप्पट होत जाते, आणि त्या अशक्य गोष्टींपैकी एखादी एका रात्री घडते.

हे फ्लॅग वाईट लोक लावत नाहीत. कुठल्या तरी ग्राहकाची सिस्टिम बंद पडलेली असते. ड्राइव्ह काढला जात असताना कोडचा दुसरा भाग त्याच्यावर लिहायला गेला, एवढं समजतं. खरं कारण शोधायला आठवडा लागेल आणि ग्राहक सकाळपर्यंतच थांबणार असतो. मग कोणीतरी ‘काढणं सुरू आहे’ असा एक फ्लॅग घालतं आणि लिहिण्याआधी तो तपासतं. चार ओळींचं काम. सकाळी सगळं चालू. वर्षभराने दुसऱ्या कोणाला तशीच अडचण येते. पहिला फ्लॅग त्याच्या पाहण्यात नसतो. तो ‘ड्राइव्ह गेला’ असा आणखी एक घालतो. आता एकाच गोष्टीबद्दल दोन नोंदी झाल्या. मतदार यादीत एका माणसाचं नाव दोनदा यावं तशी दुबार नोंद.

दुबार नोंदीची अडचण जागेची नसते. एक बिट ठेवायला काही पडत नाही. अडचण अशी की दोन्ही नोंदी एकाच वेळी बदलता येत नाहीत. पहिली बदलली आणि दुसरी बदलायची आहे, असा एक क्षण मधे राहतोच. तुमच्या फोनमध्ये बहुधा आठ कोअर आहेत, म्हणजे आठ जण एकाच वेळी काम करतायत. त्यातला कोणीतरी नेमका त्या क्षणी डोकावतो, त्याला अर्धं खरं दिसतं आणि त्यावर विसंबून तो पुढे जातो. असं कोटीत एकदाच होत असेल. पण एवढीशी कामं फोन दिवसभरात किती कोटी करतो याचा हिशेब आपण ठेवत नाही.

‘माझ्या फोनचा आणि तुमच्या डिस्कचा काय संबंध?’ असं कोणी विचारेल. संबंध अगदी जवळचा आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. तुमच्या फोनच्या माहितीपत्रकात ‘यूएफएस स्टोरेज’ असं लिहिलं असेल, तर ती चिप स्कझी नावाच्या भाषेत बोलते. ही भाषा १९८६ मध्ये प्रमाणित झाली, तेव्हा ती टेबलावरच्या अवजड हार्ड डिस्कसाठी होती. लिनक्समध्ये पेन ड्राइव्ह, सर्व्हरमधल्या बऱ्याच डिस्क आणि फोनमधली ही चिप अशा सगळ्यांची ये-जा याच स्कझीच्या दारातून होते.

या दारावर लिनक्सवाल्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. डिव्हाइस कोणत्या अवस्थेत आहे हे सांगायला पाच-सहा वेगवेगळे झेंडे ठेवण्याऐवजी एकच जागा ठेवली आणि तिथे नऊपैकी एकच अवस्था लिहिता येईल असं केलं. ‘क्रिएटेड’, ‘रनिंग’, ‘ऑफलाइन’, ‘ब्लॉक’, ‘डिलीट’ वगैरे. एका वेळी एकच, त्यामुळे ‘गेलेला, पण चालू’ असं काही लिहिताच येत नाही. शिवाय ही अवस्था बदलायचं एकच ठरलेलं दार आहे, आणि तिथे एक कडक रखवालदार बसलाय. ‘ऑफलाइन’वरून ‘रनिंग’वर येऊ देतो. ‘डिलीट’ झालेल्याला मात्र परत ‘रनिंग’ होऊ देत नाही. गेला तो गेला. पुन्हा जोडलात तर तो नवा म्हणून नोंदवला जाईल.

एकदा हे समजलं की वाटतं, मग सगळेच फ्लॅग काढून टाकावेत. कोड स्वच्छ, मन स्वच्छ. इथेच गोष्ट अवघड होते. पण त्याआधी, नोंदीला जास्त खरं मानलं की काय होतं, ते माणसांच्या जगात बघू.

उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लाल बिहारी कर्ज काढायला गेले तेव्हा त्यांना कळलं की ते सरकारदरबारी मेलेले आहेत. जमिनीसाठी काकांनी लाच देऊन तशी नोंद करून घेतली होती. ही १९७० च्या दशकातली गोष्ट. ते कचेरीत स्वतः उभे होते, बोलत होते, भांडत होते. तरी खरी ठरली ती कागदावरची नोंद. त्यांनी नावापुढे ‘मृतक’ लावलं, निवडणूक लढवली, त्यांच्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्यांचा संघ काढला. ते पुन्हा जिवंत झाले १९९४ मध्ये. पंकज त्रिपाठींचा २०२१ चा ‘कागज’ पाहिला असेल, तर तो त्यांच्यावरूनच घेतलेला आहे.

आपण ही गोष्ट सरकारी कारभाराचा विनोद म्हणून सांगतो. मला तिच्यात आमचाच कोड दिसतो. कचेरीतला कारकून खोटं बोलत नव्हता. त्याला काम नेमून दिलं होतं ते रजिस्टर बघण्याचं, समोरचा माणूस बघण्याचं नव्हे. ड्रायव्हरमधली ओळसुद्धा असंच करते. ड्राइव्ह समोर आहे, विचारलं तर उत्तर देईल, पण ओळीला सांगितलंय की फ्लॅग बघ. फ्लॅग म्हणतो ‘गेला’. संपलं. नोंद आणि वस्तू यांचं भांडण झालं की जवळजवळ नेहमी नोंदच जिंकते. ती जास्त खरी असते म्हणून नाही, तर प्रश्न तिलाच विचारला जातो म्हणून.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची आपण थट्टा करतो. धडधाकट आजोबांना ‘जिवंत आहात का’ विचारणं मजेशीर आहेच. पण त्यात एक प्रामाणिकपणाही आहे. आपली नोंद शिळी होते हे त्या पद्धतीला माहीत आहे, म्हणून ती वर्षातून एकदा मूळ माणसाला विचारते. लाल बिहारींच्या बाबतीत उलट विचारण्याची सोयच नव्हती.

तर मग नोंदी कमीत कमी ठेवाव्यात आणि मूळ गोष्टीलाच विचारावं, असं सरळ सूत्र दिसतं. पण सुरुवातीचा पेन ड्राइव्ह आठवा. त्यावरचा ‘काम अर्धवट’ हा फ्लॅग उतरवून चालेल का? मागच्या वेळी काय झालं हे आज कोणाला विचारणार? तो क्षण गेला, तो लॅपटॉप बंद आहे, मेमरीतलं सगळं पुसलं गेलंय. जे घडलं त्याचा तो झेंडा हा एकमेव साक्षीदार आहे. तो दुबार नाही. तो काढणं म्हणजे साक्षीदार नाहीसा करणं.

असा साक्षीदार हरवला की काय होतं, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसच्या लोकांच्या ध्यानात आलं. मेमरीतल्या प्रत्येक पानाला एक फ्लॅग असतो: ‘यातलं काही अजून डिस्कवर गेलेलं नाही’. डेटाबेस मधूनमधून लिनक्सला विचारतो, सगळं डिस्कवर पोचलं का? डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ‘नाही’ म्हणायचं, पण बहुतेक वेळा त्याच दमात तो फ्लॅग खाली करून टाकायचं. डेटाबेसने ‘बरं, पुन्हा प्रयत्न कर’ म्हणून दुसऱ्यांदा विचारलं की उत्तर यायचं, सगळं पोचलं. पोचलेलं काहीच नसायचं. ‘पोचलं नाही’ हे लक्षात ठेवणारा झेंडाच उतरलेला असायचा. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसने धोरण बदललं: असं ‘नाही’ एकदा जरी ऐकू आलं तरी पुन्हा विचारायचं नाही, सरळ थांबायचं आणि आपल्याच रोजनाम्यातून सगळं नव्याने उभं करायचं.

तिसरा प्रकार आणखी गमतीदार आहे. लिनक्सच्या स्कझी कोडमध्ये एका फ्लॅगचं नाव बरीच वर्षं ‘बोर्कन’ असं आहे. ‘ब्रोकन’चं मुद्दाम वाकडं केलेलं स्पेलिंग. या डिव्हाइसशी अतिशय सावकाश वागा, असा त्याचा अर्थ. त्याच कोडमध्ये कंपनी आणि मॉडेलच्या नावानिशी एक लांब यादी आहे: याला अमुक विचारू नका, हा तमुक चुकीचं सांगतो. हे ज्ञान डिव्हाइसला विचारून मिळणार नाही. जे डिव्हाइस उत्तरच चुकीचं देतं, त्याला ‘तू चुकीचं सांगतोस का?’ असं कसं विचारणार?

हे मला समजलं ते एका फ्लॅगपाशी. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये डिस्क तयार आहे की नाही हे सांगणारे तीन फ्लॅग होते. दोन सरळसरळ दुबार होते. कोण लिहितं, कोण वाचतं ते शोधलं. मग लगेच न काढता आधी एक तपासणी घातली: फ्लॅग आणि डिस्कची खरी अवस्था यांत कधी फरक पडला तर ओरड. काही आठवडे कोणी ओरडलं नाही, तेव्हा दोन्ही काढले. तिसरा तसाच दिसत होता, पण पूर्ण तसाच नव्हता. कधीकधी तो डिस्कपेक्षा उशिरा ‘हो’ म्हणायचा. ती ओळ कोणी लिहिली हे गिटमध्ये दिसत होतं, पण कारण म्हणून फक्त ‘फिक्स’ एवढा एक शब्द होता. लिहिणारे गृहस्थ कंपनी सोडून गेले होते. मी त्यांना फोन केला.

“अगं, अजून आहे तो?” ते हसायला लागले.

“आहे. काढू का विचारतेय.”

“त्या वेळी एका प्रकारच्या डिस्क होत्या. फिरायला लागायच्या आधीच ‘मी तयार’ म्हणायच्या. म्हणून पहिला होकार सोडून द्यायचा आणि दुसरा धरायचा. एवढंच तो लक्षात ठेवतो. तशा डिस्क अजून कोणाकडे आहेत का ते बघ. असतील तर काढू नकोस.”

होत्या. दोन ग्राहकांकडे. तो फ्लॅग राहिला. मी फक्त त्याचं नाव बदललं, म्हणजे नावावरूनच कळेल की हा ‘डिस्क तयार आहे’ असं सांगत नाही, ‘पहिला होकार येऊन गेला’ असं सांगतो. आणि शेजारी चार ओळींत कारण लिहिलं.

जी. के. चेस्टरटनने १९२९ च्या एका पुस्तकात रस्त्यातल्या कुंपणाचं उदाहरण दिलंय. कुंपण कशासाठी घातलं ते समजत नाही म्हणून ते काढू नये. ते समजेल तेव्हाच काढण्याबद्दल बोलावं, असा त्याचा मुद्दा. प्रोग्रामरमंडळी हे उदाहरण फार वापरतात, बहुधा काहीच न काढण्याचं निमित्त म्हणून. पण काहीच न काढण्याचीही किंमत असते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने एक जुना फ्लॅग नव्या कामासाठी वापरला. त्या फ्लॅगमागचा जुना कोड २००३ पासून वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोचला नाही. तिथे तो झेंडा वर होताच जुना, विसरलेला कोड जागा झाला आणि भराभर शेअरचे व्यवहार करत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. पुढच्या वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. मेलेला झेंडा म्हणून कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

म्हणून ‘काढू नका’ हे उत्तर नाही आणि ‘सगळं काढा’ हेही नाही. मला सापडलेली कसोटी साधी आहे: जिच्याबद्दलची ही नोंद आहे, त्या गोष्टीला आत्ता विचारलं तर कळेल का? ती गोष्ट समोर असेल आणि खरं उत्तर देऊ शकत असेल, तर नोंद दुबार आहे. काढा आणि विचारा. ती गोष्ट होऊन गेली असेल, किंवा ती खोटं बोलते हे अनुभवाने कळलं असेल, तर ती नोंद म्हणजे स्मृती आहे. ती जपा, आणि ती का आहे ते लिहून ठेवा. दर वेळी विचारणं महाग पडतं म्हणून काही प्रती ठेवाव्या लागतात, हे खरं. पण प्रतीला आपण प्रत आहोत हे माहीत हवं, आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच हाताकडे हवा.

ही कसोटी मी आता कोडच्या बाहेरही लावून बघते. आपण माणसांना किती झेंडे लावतो. ‘तिला गणित जमत नाही.’ ‘तो कोणात मिसळत नाही.’ आठवीत कोणीतरी लावलेला झेंडा पंचविशीतही वर असतो, आणि तो बघूनच निर्णय घेतले जातात. ती मुलगी तर समोर बसलेली असते. विचारलं तर सांगेल. हा झेंडा दुबार आहे, तो उतरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

पण ‘त्या माणसाने मला त्रास दिला होता’ हाही एक झेंडाच आहे, आणि तो लावणाऱ्याला आपण फार सहज सांगतो, सोड ना आता, विसरून जा. त्रास देणाऱ्याला आज विचारलं तर तो ‘असं काही झालंच नाही’ म्हणेल. ती घटना होऊन गेली, साक्षीदार एकच उरलाय. मन हलकं व्हावं म्हणून त्याला पुसून टाकायला सांगणं, हे मला आता स्वच्छता वाटत नाही. क्षमा करायची की नाही हा त्या व्यक्तीचा प्रश्न. क्षमा केली तरी नोंद राहू शकते.

दोन्ही झेंडे बाहेरून सारखेच दिसतात. एक बिट, वर किंवा खाली. फरक कळायला कोणी लावला, कशासाठी लावला, आणि आज कोणाला विचारता येईल, हे शोधावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि त्याचं श्रेय मिळत नाही. दोन फ्लॅग काढल्याने आमचा ड्रायव्हर वेगवान झाला नाही, कोणत्या ग्राहकाला काही कळलंही नाही. वर्षअखेरीच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये ‘काय नवीन केलंत?’ असा रकाना असतो. ‘काय उतरवलंत?’ असा नसतो.

झेंडा लावणं म्हणजे एक वचन देणं आहे: गोष्ट बदलली की मी हेही बदलेन. ते वचन लावणारा देतो आणि पाळावं लागतं त्याच्यानंतर येणाऱ्या सगळ्यांना. म्हणून तिसऱ्या फ्लॅगशेजारच्या चार ओळींपैकी शेवटची मी त्यांच्यासाठी लिहिली आहे: या डिस्क वापरातून गेल्या की हा काढून टाका, मला विचारायची गरज नाही.